वैकुंठरथाची धून

"शरीर नश्वर आहे, आत्मा अमर आहे, आणि या दोघांना चालवणारी खरी शक्ती म्हणजे वीज, तिला ना जन्म, ना मरण, ना सोयर, ना सुतक!"

एवढं वाक्य मी वैकुंठरथाच्या पोटाखाली उताणा पडून उच्चारलं. शेवटच्या शब्दाला तोंड उघडं होतं, तेवढ्यात वरून काहीतरी थेट जिभेवर पडलं.

मी थुंकलो.

"घाबरू नका मिस्त्री," रंगनाथ शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "लाही आहे ती."

"लाही?"

"मयतावर उधळतात ना, ती फळीच्या फटीतून खाली जाते. आता कुणाच्या मयताची, ते मात्र सांगता यायचं नाही."

मी पुन्हा थुंकलो. त्यानंतर दिवसभर मी अध्यात्मावर काहीही बोललो नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा पाडळगावच्या एसटी स्टँडसमोर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात आणि गाडीत बिघाड झाला की गाडी स्वतःच पडद्यावर लिहून दाखवते. आमच्या वेळी गाड्या निरक्षर होत्या. त्यांना काय होतंय ते हातानं, कानानं आणि नाकानं ओळखावं लागे. त्या दिवशी तर फक्त हात, कान आणि नाकच शिल्लक होतं, कारण तो खंडेनवमीचा दिवस होता.

खंडेनवमीला कारागिराची हत्यारं पूजेला बसतात. माझे पाने, पक्कड, टेस्टर, सोल्डरिंगची इस्त्री, सगळी मंडळी सकाळीच हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं डोक्यावर घेऊन पाटावर रांगेत बसली होती. दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा नियम. नियम देवाचा, अंमलबजावणी बायकोची.

रंगनाथ भिसे सकाळी दारात आला, तेव्हा ती नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती.

"मिस्त्री, गाडी बघायला चला," तो म्हणाला. त्याचा चेहरा स्वतःच्या गाडीत मागं झोपायच्या लायकीचा झाला होता.

"उद्या बघतील," बायको म्हणाली. "हत्यारं पूजेत आहेत."

"वहिनी, उद्या दसरा. उद्या अण्णासाहेब किल्ली काढून घेणार. किल्ली गेली की शेडमागची खोली पण गेली. म्हातारीला घेऊन कुठं जाऊ?"

बायकोनं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "हत्यार उचलायचं नाही म्हणजे नाही."

"हात तर पूजेत नाहीत ना?" मी विचारलं.

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. त्या हातांची पूजा कोणी करील असं तिला वाटलं नसावं. "जा. पण आल्यावर बाहेरच आंघोळ."

वैकुंठरथ म्हणजे आमच्या गावच्या वैकुंठ सेवा मंडळाची मयताची गाडी. रंगनाथ तिचा ड्रायव्हर. मंडळाचे अध्यक्ष, संस्थापक आणि, सभेला दुसरं कोणी येत नसल्यामुळे, बहुमत म्हणजे अण्णासाहेब शिंगटे. खत-बियाण्यांचे व्यापारी. गाडीही त्यांनीच दिलेली. जुना टेम्पो घेऊन त्यावर बॉडी बांधून घेतली होती. बॉडी बांधणाऱ्यानं शिल्लक पडलेला एक रिव्हर्सचा हॉर्न खुशीनं फुकट बसवून दिला. तो साधा पींपीं करत नसे. बँडवाले वरातीत नवरदेवाच्या मित्रांना घामाघूम करायला जे वाजवतात, त्या जातीची एक धून तो वाजवी. पण फुकट मिळालेली वस्तू आमच्याकडे काढून टाकत नाहीत. रंगनाथ बिचारा गाडी कधी मागे घेतच नसे. लांब वळसा घालून यायचा.

आणि मग त्याच नवरात्रात मुलींच्या शाळेच्या सुमतीबाई गेल्या.

अख्खं गाव बाईंच्या हाताखालून गेलेलं. मयताला ही गर्दी. गर्दीमुळे गाडी पावलापावलानं चाललेली, आणि रंगनाथनं ब्रेकवर पाय ठेवला रे ठेवला की मागून ती धून! चौकात वाजली, मारुतीपाशी वाजली, घाटाच्या उतारावर तर थांबेचना. पहिल्यांदा लोकांनी माना खाली घातल्या. दुसऱ्यांदा पदर तोंडाला लागले. घाटावर बँडमधला एक पिपाणीवाला होता, त्यानं सवयीनं ठेका धरला. बाईंचा मुलगा पुण्याहून आलेला. त्यानं रंगनाथची गचांडी धरली.

"प्यालाय!" अण्णासाहेब ओरडले. "तोंड बघा त्याचं!"

रंगनाथच्या तोंडात कधी सुपारीसुद्धा गेली नव्हती. पण गावाला धुनेपेक्षा दारू समजायला सोपी. तेव्हापासून तो रस्त्यानं निघाला की पोरं तोंडानं ती धून वाजवत.

"चल, ब्रेक दाब," मी गाडीखालून बाहेर येत म्हणालो.

रंगनाथ केबिनमध्ये चढला. गाडीला त्यानं झेंडूचा हार घातला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती.

"पूजा केलीस?"

"केली. भटजी म्हणाले, धंदा वाढू दे असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणलं, नको. गाडी अशीच उभी राहू दे, असं म्हणा."

त्यानं ब्रेक दाबला. धून सुरू झाली. शेडपलीकडच्या घरातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी मागं उभा राहून पाहत होतो. उजवा ब्रेक लाइट ठणठणीत लाल. डावा मात्र विझत आलेल्या विडीसारखा. आणि त्याच्या शेजारचा, गाडी मागे घेताना लागायचा पांढरा दिवा, ज्याचा ब्रेकशी काही संबंध नाही, तोही लाजत लाजत उजळलेला.

"दारू प्यालाय खरा," मी म्हणालो. "पण तू नाहीस. डावा दिवा."

"म्हणजे?"

विजेचं असं असतं. बॅटरीतून निघालेली वीज काम उरकून घरी परत गेलीच पाहिजे. परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. प्रत्येक दिव्यापासून एक काळी वायर निघून त्या लोखंडाला बोल्टनं आवळलेली असते. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. ती वायर सुटली की वीज अडकते. अडकली तरी गप्प बसत नाही. शेजाऱ्याच्या घरात शिरते आणि त्याच्या परसदारानं बाहेर पडते. इथे शेजारी होता पांढरा दिवा, आणि परसदारी टांगलेला होता तो हॉर्न.

"म्हणजे डाव्या अंगाला वायर सुटलीय," रंगनाथ म्हणाला.

"सुटलीय, नाहीतर कुणी खाल्लीय."

डाव्या दिव्यामागं बॉडीत एक पोकळी होती. तिच्यावरचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं होतं, ते बोटांनी निघालं. आणि झाकणाबरोबर जो वास बाहेर आला, त्याला मी आजतागायत नाव शोधतो आहे. उदबत्ती, सडकं केळं, ओला कापूस आणि त्या सगळ्याच्या खाली, मुक्कामाला आल्यासारखं बसलेलं, काहीतरी गोडसर. माझे डोळे पाणावले. त्या गाडीत एवढ्या मनापासून बहुधा कोणी रडलं नसेल.

आत उंदराचं घर होतं. साधंसुधं नाही, बांधीव. पांढऱ्या कापडाच्या चिंध्या, हाराचा दोरा, तुळशीच्या काड्या, गुलालानं माखलेल्या लाह्या. आणि मधोमध, मऊ गादी म्हणून, कापसाचे छोटे छोटे बोळे.

"हा कापूस कुठला रे?" मी विचारलं आणि विचारल्याबरोबर उत्तर कळलं.

"नाकातला," रंगनाथ शांतपणे म्हणाला. "घाटावर पडतात कधी गाडीतच."

पक्कड पूजेत. मी शर्टाची बाही बोटांवर ओढली आणि हात आत घातला. गादीवर घरमालक होता. मेलेला, फुगलेला, पोट वर करून, तृप्त. जन्मभर मयतांवर उधळलेलं फुकट खाऊन कोणाचं तोंड इतकं समाधानी होत असेल, असं मला वाटलं नव्हतं. शेपटीला धरून ओढला तेव्हा शेपटीची साल माझ्या बाहीला चिकटून आली आणि उंदीर जागेवरच राहिला. दुसऱ्या खेपेला मी तो अख्ख्या मुठीत धरला. तो मऊ होता. यापेक्षा जास्त सांगत नाही, तुमचीही जेवायची वेळ असेल.

रंगनाथला मात्र आनंद मावेना. "उंदीर! मिस्त्री, उंदीर निघाला! म्हणजे मी सुटलो!"

त्याच वेळी शेडच्या फाटकात जीप थांबली. जीपलाही हार होता, पण तो रंगनाथच्या हाराच्या तिप्पट. अण्णासाहेब उतरले. पांढरा झब्बा, नाकाला अत्तराचा रुमाल, हातात पेढ्यांचा पुडा.

"काय चाललंय?"

"अण्णा, उंदीर निघाला," रंगनाथ धावत गेला. "वायरिंगमध्ये उंदीर होता. त्यानंच ते वाजत होतं. मी काही प्यालो नव्हतो."

अण्णासाहेबांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. मूठ अजून भरलेली होती.

"अरे रे रे," ते म्हणाले. "म्हणजे गाडी साफ ठेवत नाहीस तू. पवित्र गाडीत उंदीर! त्यापेक्षा प्यालेला परवडला असता. प्यालेला माणूस निदान सकाळी शुद्धीवर येतो."

अण्णासाहेबांनी हात पुढे केला.

"दुपारी गाडी लागणार आहे. कुंभारआळीचे आबा गेले. गाडी बंटी नेईल. तू किल्ली आजच दे, उद्याची वाट कशाला?"

बंटी म्हणजे अण्णासाहेबांच्या मेव्हण्याचा मुलगा. वयानं तिशीला आलेला, पण घरात अजून बंटी. मुलगा रिकामा आहे, अशी मेव्हण्याची तक्रार होती. मयताच्या गाडीला गिऱ्हाइकाची कमतरता पडत नाही, हे अण्णासाहेबांनी हेरलं होतं.

फाटकाबाहेर कुंभारआळीची दोनचार माणसं गाडीसाठी येऊन उभी राहिली होती. त्यांच्या समोर रंगनाथनं खिशातून किल्ली काढली. मला त्या क्षणी एकच सुचलं.

"थांबा अण्णा. उंदराचा जबाब घेतलेला नाही अजून."

मी उंदीर कडुनिंबाखाली ठेवला, हात मातीनं घासला आणि पुन्हा पोकळीत घातला. उंदीर दोषी असता तर वायर कुरतडलेली असायला हवी होती. मी एकेक वायर बोटांनी चाचपली. सगळ्या अखंड. ते बरोबरच होतं. ज्याला पानात लाह्या, केळं आणि पिंडाचा भात मिळतो, तो प्लास्टिक कशाला खाईल?

मग हाताला काळी वायर लागली. लोंबकळत होती. टोकाची पितळी कडी चकचकीत, धड. कडी आहे, वायर आहे. फक्त तिला लोखंडाशी आवळणारा बोल्ट नाही. मी बोट आणखी आत सरकवलं. बोल्ट जागेवर होता, पण त्याच्यावर दुसरीच पट्टी चढवून नट फिरवलेला होता. नटाला दोन कान. पाना न लागता हातानं फिरवायचा, तसला.

मी बाहेर आलो आणि गाडीच्या मागच्या अंगाकडे पाहिलं. इतके दिवस सगळं गाव पाहत होतं, पण ती पाहायची गोष्ट आहे असं कोणाला वाटलं नव्हतं.

तिथे पाटी होती. 'मातोश्री कै. सरूबाई यांच्या स्मरणार्थ' हे बारीक, पिवळ्या रंगात. त्याखाली, प्रत्येक अक्षर लाल बल्बांनी मढवलेलं: 'दानशूर अण्णासाहेब शिंगटे'. बल्ब ब्रेकच्या वायरीवर जोडलेले, आणि त्यांची परतीची वाटही तीच काळी वायर. ब्रेक दाबला की मागच्यांची नजर आपोआप वर जाते, म्हणून तशी जोडणी करून घ्यायची कल्पना खुद्द अण्णासाहेबांची होती. मघाशी मात्र ब्रेक दाबल्यावर नाव पेटलं नव्हतं, नुसतं धुगधुगत होतं, आणि धुनेच्या गडबडीत ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"रंगनाथ," मी विचारलं, "ही पाटी अलीकडे कोणी काढली होती?"

"घटस्थापनेला बंटीभाऊनी काढून नेली होती. देवीच्या मिरवणुकीत अण्णांच्या जीपला लावायला. दर साली नेतात. निवडणुकीला पण नेली होती."

"मातोश्रींच्या स्मरणार्थसकट?"

"त्याच्यावर कागद चिकटवतात."

"आणि परत कधी बसवली?"

रंगनाथ आठवू लागला. "बाईंच्या मयताच्या आदल्या दिवशी. बंटीभाऊच आले होते."

मी अण्णासाहेबांकडे वळलो. त्यांनी रुमाल नाकावरून काढला होता.

"अण्णा, जरा केबिनमध्ये बसता? ब्रेक दाबायला माणूस पाहिजे."

"मी?"

"दुसरं कोणी दाबलं तर प्यालेलं आहे म्हणतील."

फाटकातली माणसं हसली. अण्णासाहेबांना चढावंच लागलं. त्यांनी ब्रेक दाबला, धून वाजली, नाव धुगधुगलं. मी कानवाला नट हातानंच फिरवला, पाटीची पट्टी बोल्टवरून उतरवली, काळ्या वायरीची कडी तिथे घातली आणि नट आवळला. पाटीचं एक टोक सुटून खाली झुकलं.

"आता दाबा."

दाबला. डावा दिवा लालभडक. धून बंद.

"सोडा. पुन्हा दाबा."

शांत. मयताच्या गाडीत असावी तेवढी शांतता.

"काढून दाखवतो," मी म्हणालो, कडी काढली, पट्टी चढवली. धून. कडी घातली. शांतता. गाव जमलं की कारागिराला चेव येतो. तिसऱ्यांदा करणार तेवढ्यात अण्णासाहेब खाली उतरले, माझा कोपर धरला आणि मला शेडच्या कोपऱ्यात नेलं. आतापर्यंत मी त्यांचा 'ए मिस्त्री' होतो.

"वामनराव," ते हळू आवाजात म्हणाले, "पोरगं लहान आहे. चूक झाली असेल."

"झालीच आहे."

"हे बाहेर बोलायचं कारण नाही. आईच्या नावाचा प्रश्न आहे."

"आईच्या नावाला बल्ब नाहीत अण्णा."

त्यांनी ते ऐकलं नाही. ऐकू न येण्याचा त्यांना मोठा सराव होता. "असं करू. उंदीर निघालाय ना? उंदीरच होता असं म्हणू. वायर खाल्ली म्हणू. म्हणजे रंगनाथवर पण काही नाही, बंटीवर पण काही नाही. उंदराला कोण विचारतंय? रंगनाथची नोकरी राहील, खोली राहील. तुमचं काय म्हणणं?"

मी रंगनाथकडे पाहिलं. तो पाटीचं झुकलेलं टोक हातावर तोलून धरून उभा होता, पडू नये म्हणून. तिच्यावरच्या नावानं त्याला गावभर दारुडा केलं होतं आणि तो त्या अक्षरांवरची धूळ दुसऱ्या हातानं पुसत होता.

"पाटी पुन्हा त्या बोल्टवर जाणार नाही," मी म्हणालो. "बोल्ट एकच आहे."

अण्णासाहेब विचारात पडले. खरंच पडले, कपाळावर घाम आला. मला वाटलं, माणूस लाजला. मग ते म्हणाले, "इंडिकेटरवर जोडता येईल का? सतत नको. वळताना तरी लागेल."

"येणार नाही."

"डावीकडं वळताना फक्त?"

"अण्णा, घाट उजवीकडे आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला. वळून फाटकाकडे गेले आणि भाषणाच्या आवाजात सांगितलं, "मंडळी, तपासणी झालेली आहे! उंदरानं वायर खाल्ली होती. मी स्वतः ब्रेक दाबून खात्री केली. रंगनाथ निर्दोष आहे. मंडळाचा त्याच्यावर पूर्वीपासूनच विश्वास आहे!"

कुंभारआळीच्या माणसांनी कडुनिंबाखालच्या उंदराकडे तिरस्कारानं पाहिलं. एकजण थुंकला.

अण्णासाहेबांनी पुडा उघडला. "खंडेनवमीचा पेढा घ्या वामनराव. हात असू द्या, मी भरवतो." आणि दोन बोटांनी पेढा उचलून त्यांनी माझ्या ओठांत ठेवला. बोटांना अत्तराचा वास होता. पेढा गोड होता, ताजा होता, त्यात काहीही वावगं नव्हतं.

मयतावरची लाही मी नुसती थुंकली होती. उंदीर मुठीत धरूनही मला काही झालं नव्हतं. त्या पेढ्यानं मात्र मी कडुनिंबापर्यंतसुद्धा पोचलो नाही. शेडच्या भिंतीला हात टेकून सकाळच्या नैवेद्यासकट सगळं बाहेर काढलं.

"उंदराचा वास चढला," अण्णासाहेब इतरांना समजावून सांगत होते. "नाजूक असतात ही माणसं."

जीप गेली. रंगनाथनं मला चूळ भरायला पाणी दिलं. पाटी आम्ही दोघांनी काढून भिंतीला उभी केली, अक्षरं भिंतीकडे करून. वैकुंठरथाचं मागचं अंग पहिल्यांदाच मोकळं दिसत होतं. कुंभारआळीची माणसं घाई करू लागली होती. रंगनाथनं गाडी चालू केली, ब्रेक दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला. काही वाजलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

मला राहवलं नाही. मी दाराशी गेलो. "रंगनाथ, तो माणूस आत्ता तुझ्या मुठीत आहे. उद्या दसऱ्याला भर चौकात त्यानं तुझी माफी मागितली पाहिजे. प्यालेला म्हणाला होता तुला. मी आहे तुझ्या पाठीशी. काय हवं ते माग."

त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा क्रांतीच्या इतक्या जवळ उभा होतो.

"काहीही मागू?"

"काहीही."

"मग उद्या हत्यारं उठली की इथं माझ्या अंगाला एक बारका पंखा बसवून द्याल का?" तो म्हणाला. "मागच्याला उकडत नाही हो. मला उकडतं."